प्रार्थनेचा विषय

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी मी सुरू केली. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली ते कुणी बोलून दाखवत नाही.

साखळी म्हणजे काय, तर चौदा बायका. कुणाच्या घरी दुखणंखुपणं निघालं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं पोर बिघडलं, की तिने मला फोन करायचा. मी दुसरीला, दुसरीने तिसरीला. अर्ध्या तासात चौदा जणी हातातलं काम टाकून डोळे मिटून बसलेल्या. बावीस वर्षं चालली आमची साखळी. पाळक चार बदलले, छप्पर दोनदा बदललं, साखळी काही तुटली नाही.

नियम माझेच होते. पहिला नियम, मोघम बोलायचं नाही. ‘एका बहिणीला अडचण आहे’ हे काय बोलणं झालं? कुठली बहीण, कसली अडचण, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगायचं. दुसरा, ऐकलं तसंच पुढे द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कुणी ‘प्रार्थना करा’ म्हटलं की विषय तिथल्या तिथे साखळीत गेला पाहिजे. दर गुरुवारी बायकांच्या सभेत मी बजावायचे, “विषय मांडीखाली दाबून बसू नका. तुमची पोळपाटं-भांडी आवरेपर्यंत तिकडे माणूस एकटं पडलेलं असतं.”

आणि ज्याचा विषय त्याला विचारायचं का? छे. “देवापुढे कसली आलीय लाज?” हे माझं ठरलेलं वाक्य. बायकांना ते पाठ झालं होतं.

घड्याळजींच्या बायकोने एकदा मला जिन्यात गाठलं. नवरा पुन्हा प्यायला लागलाय, प्रार्थना करा, पण तुमच्यापुरतंच ठेवा, म्हणाली. मी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी फोन उचलला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहून रडली, भांडली, नको नको ते बोलली, आणि नंतर मंडळीत यायचीच बंद झाली. त्या गुरुवारी मी बायकांना सांगितलं, गर्व असा असतो, माणसाला प्रार्थनेपासूनसुद्धा तोडतो. तोंड वर करून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता दुकानाचं सांगते. माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनं, एक इंटरलॉकचं, कापायला लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले खाकी कागदाचे नमुने, पहिली ते दहावी. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने मान वर करायला फुरसत नसते. सहा वर्षांपूर्वी अशाच गर्दीत टाचणी माझ्याकडे कामाला आली. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं, नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. ती तोंडात टाचण्या धरूनच बोलायची. मी चारदा ओरडले, “गिळशील एखादी, मग पळा दवाखान्यात!” ती काही ऐकेना. तिथून तिचं नाव टाचणीच पडलं.

तिला कॉलर बसवायला मी शिकवलं. प्लेट्स पाडायला, काजं करायला, गिऱ्हाइकाला ‘उद्या’ कसं म्हणायचं तेसुद्धा. आणि मंडळीत मीच आणलं. पहिल्या गुरुवारी तिच्यावर प्रार्थनेची पाळी आली तेव्हा म्हणाली, “देवा, सगळ्यांचं भलं कर, आमेन,” आणि बसली. बायका हसल्या. मी तिला दुकानात समोर बसवून शिकवलं. “सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? नाव घे. काय हवंय ते सांग. लाजतेस कशाला?” वर्षभरात अशी तयार झाली की काय सांगू. टाचणीची प्रार्थना ऐकली की वाटायचं, आता देवाला पत्ता विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. मला तिचा अभिमान होता. माझ्या हाताखालून पुष्कळ जणी गेल्या, पण इतकं मन लावून कुणी शिकलं नाही.

मागच्या वर्षी नवीन पाळकसाहेब आले. तरुण माणूस, चांगला माणूस, डोक्यात रोज एक नवी कल्पना. त्यांनी वर्षाचं ब्रीद ठरवलं, प्रत्येकाने एक गोष्ट शिकवायची, एक शिकायची. सभागृहात फळा लावला आणि जोड्या पाडल्या. माझी जोडी टाचणीशी. मला हसूच आलं. साठीला आलेली बाई मी, हिच्याकडून काय शिकणार, डोंबल?

तिने मला मोबाइल शिकवला. “बाई, हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, झालं की सोडायचं. ओरडू नका हो, फोन बहिरा नाही.” मग तिनेच साखळीचा ग्रुप काढून दिला. आता एकीने दुसरीला फोन करत बसायला नको, एकदा बोललं की सगळ्यांना एका दमात. चौदाचे एकसष्ट झाले. पुरुष आले, बालवर्गाच्या समितीचे अध्यक्ष आले, परदेशी गेलेली मुलंसुना आल्या. मी बटण दाबून प्रार्थना सांगायचे आणि खाली आमेनवर आमेन. कशाला खोटं बोलू, मला त्याची चटक लागली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर आमच्या जोडीचं उदाहरण दिलं, शिकणं-शिकवणं असं हवं म्हणाले. टाचणी लाजून लाल झाली. मी नाही लाजले.

आणि आता माझी लेक.

एकुलती एक. तिचे वडील ती सातवीत असताना गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. चर्चच्या मागच्या सभागृहात मंडळीचा बालवर्ग भरतो, उन्हाळ्यातसुद्धा, तिथे ती शिकवते. शिकवायची. बावीस पोरं, गुडघ्याएवढ्या खुर्च्या, खिडकीत रंगांच्या बाटल्या. घरी तोंडातून शब्द न काढणारी माझी लेक तिथे बेडूक व्हायची, आगगाडी व्हायची, जमिनीवर लोळायची. मुलं तिला मिस म्हणायची आणि सुट्टी झाली तरी तिचा हात सोडायची नाहीत. यंदा तिला कायम करणार होते.

गेल्या वर्षी ती तीन आठवडे इस्पितळात होती. खाणं सुटलं, झोप उडाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, औषधाने बरं होईल, वेळ लागेल. आणि मी मंडळीत काय सांगितलं असेल? लेक ट्रेनिंगला गेलीय. लोकांच्या घरातलं एक दुखणं मी बावीस वर्षांत सोडलं नाही, आणि माझ्या घरातलं दुखणं ट्रेनिंगला पाठवलं. त्या गुरुवारी मी नेहमीसारखी सभा घेतली. मोघम बोलू नका, हेसुद्धा सांगितलं.

ती बरी होऊन आली तेव्हा मला म्हणाली, “आई, एकच मागते. मंडळीत हे नको. सकाळी मुलांना सोडायला आईबाप येतात ना, त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसायला नकोय.” मी शब्द दिला. सहज दिला. मला तरी कुठे सांगायचं होतं?

वर्ष बरं गेलं. मग या गर्दीच्या दिवसांत एका मंगळवारी सकाळी ती चहा पिताना म्हणाली की आठवडाभर झोप नाही, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिलीय. एवढं बोलली आणि पिशवी घेऊन वर्गावर गेली. मी दुकानात आले. मशीनवर बसले. तासाभराने टाचणी माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, उजवी बाही डाव्या बाजूला लावलीत.” पस्तीस वर्षांत मी ही चूक केली नव्हती. तिने माझ्या हातातून शर्ट घेतला, उसवायला बसली, आणि मान खाली घालूनच विचारलं, “काय झालं, बाई?”

झालं. मी बोलले. इस्पितळ, ट्रेनिंगचं खोटं, गोळ्या, भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर, सगळं बोलले आणि रडले. टेबलावर डोकं ठेवून रडले. टाचणी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी मी डोळे पुसले आणि म्हटलं, “प्रार्थना कर गं तिच्यासाठी.”

एवढंच म्हटलं. कुणाला सांगू नकोस, असं म्हटलं नाही. का नाही म्हटलं? पुष्कळ विचार केला मी यावर. खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नाही. माझी लेक ती. तिचा विषय साखळीत जातो होय? नियम होते ते बाकीच्यांसाठी.

संध्याकाळी पाचला मी बटणांच्या दुकानात होते. पांढरी चार भोकांची, लहान. पर्समध्ये फोन वाजला, ग्रुपवर टाचणीचा आवाज. मी कानाला लावला.

“प्रभू, आमच्या बाईंची लेक, बालवर्गाची आमची मिस, तिला आम्ही तुझ्या हाती देतो. तिला डिप्रेशन आहे. मागच्या वर्षी ती तीन आठवडे इस्पितळात होती तेव्हा तू तिला उठवलंस. आता आठवडाभर तिला झोप नाही, डॉक्टरांनी गोळी वाढवलीय. तिला झोप दे. आणि आमच्या बाई हे ओझं वर्षभर एकट्याच वाहतायत, त्यांना आता एकटं ठेवू नकोस.”

एक शब्द चुकीचा नव्हता. पदरचा एक शब्द नव्हता. इतकी सुंदर प्रार्थना माझ्या लेकीसाठी मीसुद्धा कधी केली नव्हती. खाली आमेन यायला लागले. दहा, वीस. अध्यक्षांचं आमेन. परदेशातून आमेन. दुकानदार विचारत होता, “बाई, किती डझन?” मला आकडा आठवेना. हा निरोप पुसता येतो का, कसा पुसायचा, ते काही मी शिकले नव्हते. मी टाचणीला फोन लावला तर तीच आधी बोलली, “बाई, बघितलंत? एकेचाळीस जणांनी आमेन म्हटलंय!” आनंदाने सांगत होती. मी फोन बंद केला.

लेकीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, वर्गाच्या दारात. एका मुलाच्या आईने तिला मिठी मारली, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय म्हणाली, आणि म्हणता म्हणता पोराचा हात धरून त्याला आपल्या बाजूला घेतलं. हे मला लेकीनेच सांगितलं. दुपारी घरी आली, पिशवी खुर्चीवर ठेवली, उभ्यानेच सांगितलं.

“तू सांगितलंस?”

“टाचणीला सांगितलं गं. रडू आलं मला, म्हणून...”

“तू रडलीस?” ती माझ्याकडे बघत राहिली. “माझ्यासमोर तर कधी रडली नाहीस. मी इस्पितळात होते तेव्हा रोज येऊन मला सांगायचीस, हिंमत धर, देवावर भरवसा ठेव. मला वाटायचं, हिला राग आलाय माझा.”

ती आत जाऊन पडली. भिंतीकडे तोंड करून नाही, सरळ, छताकडे बघत.

शुक्रवारी पाळकसाहेब आणि अध्यक्ष घरी आले, फळं घेऊन. अध्यक्ष म्हणजे गोड माणूस. आवाज असा की लोण्यातून सुरी फिरावी. म्हणाले, “आम्ही काढत नाही हं तुला, पोरी. विश्रांती देतोय. आईबाप जरा धास्तावलेत, लहान मुलांचा प्रश्न आहे.”

लेक म्हणाली, “डॉक्टरांनी काम थांबवू नका म्हणून सांगितलंय. चिठ्ठी आणून देते.”

“डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “पण आपण मंडळी आहोत. आपण प्रेमाने बघतो.”

“किती दिवस?”

“प्रभू सांगेल तेव्हा.”

असा तिचा वर्ग गेला. प्रेमाने गेला. पाळकसाहेब खाली बघत होते. जाताना मला म्हणाले, ग्रुपवर जे झालं त्याचा सोक्षमोक्ष लावायला हवा, उद्या टाचणीला घेऊन तुम्ही दोघी माझ्या खोलीत या.

पाळकांची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि गीतांच्या जुन्या पुस्तकांचं कपाट. शनिवारी दुपारी आम्ही पाच जण होतो: पाळकसाहेब, अध्यक्ष, मी, लेक आणि टाचणी. टाचणी उभी होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून. तिचे डोळे सुजले होते.

पाळकसाहेबांनी मला विचारलं, “बाई, हा विषय साखळीत घालायला तुम्ही सांगितलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही तिला विश्वासाने सांगितलं होतं?”

“होय.”

दोन्ही उत्तरं खरी. शपथेवर सांगते, एकही खोटं नाही. तरी टाचणीने माझ्याकडे अशी मान वळवली की मी कपाटातली पुस्तकं मोजायला लागले.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. लगेच म्हणाली, अजिबात सारवासारव नाही. चूक कबूल करताना ‘पण’ म्हणायचं नाही, हेसुद्धा मीच शिकवलेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, तेवढं नेमकं काय चुकलं ते सांगा ना. म्हणजे माझ्याकडून पुन्हा व्हायचं नाही.”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच शिकायचं होतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की बाई गं, तुझं काही चुकलं नाही, मी चुकीचं शिकवलं. जिभेवर आलं होतं. पण अध्यक्ष बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, “प्रत्येक गोष्ट शिकवावी लागत नाही. काही गोष्टींना अक्कल लागते.”

टाचणीने मान खाली घातली. अध्यक्ष म्हणाले, “बरोबर आहे बाईंचं.” सहा महिने तिला ग्रुपमधून आणि गुरुवारच्या सभेतून बाजूला ठेवायचं ठरलं. ती दार हळू ओढून घेऊन गेली.

रस्त्यात लेक माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. चौकात थांबली आणि वळली.

“तिला हे तू शिकवलंस, आई.”

“मी तिला माझ्या घरातलं सांगायला नव्हतं शिकवलं.”

“दुसऱ्यांच्या घरातलं शिकवलंस. घड्याळजींच्या काकू अजून रस्त्याची दुसरी बाजू धरतात आपल्याला बघून.” माणसं आमच्याभोवतीने जात होती, तिला पर्वा नव्हती. “ऐक. दुसऱ्या गावच्या एका शाळेतून मला बोलावणं आलंय. वसतिगृहात राहायचं. जायचं तर सोमवारीच हजर व्हायचंय. मला जायचं नाहीये. मला माझी बावीस पोरं हवीत. पण मी एकटी अध्यक्षांशी भांडले तर म्हणतील, बघा, डोकं ठिकाणावर नाही. तू बोललीस तर ऐकतील. उद्या उपासनेत साक्षीच्या वेळी उभी राहा. सांग की टाचणीने तू शिकवलंस तेच केलं, आणि ते चुकीचं होतं. सांग की ट्रेनिंग खोटं होतं, तुला माझी लाज वाटली म्हणून तू खोटं बोललीस. एवढं सांग. मग मी सगळ्यांसमोर माझा वर्ग परत मागते. नाही मिळाला तरी चालेल. तुझ्याजवळ राहीन.”

“सांगते,” मी म्हटलं.

“खरंच?”

“सांगते म्हटलं ना!”

आणि मला खरंच सांगायचं होतं हो. दुकानात जाऊन मी शटर अर्धं ओढलं आणि मशीनवर बसून म्हणून बघितलं. टाचणीचं मशीन बंद होतं, वर अर्धवट कॉलर तशीच. ‘बंधुभगिनींनो, माझी एक चूक झाली आहे.’ हे मोघम झालं. ‘माझ्या लेकीच्या आजाराची मला लाज वाटली.’ हे म्हटलं आणि इतकं रडू आलं की पुढचं म्हणताच येईना. पण चार-पाचदा म्हणून म्हणून ते तोंडात बसलं. संध्याकाळी लेकीने दोघींसाठी चहा केला. कितीतरी दिवसांनी आम्ही एका टेबलावर बसलो, आणि तिने बालवर्गातल्या एका पोराची नक्कल करून दाखवली. मी पोट धरून हसले.

रविवारी मी माझ्या जागेवर बसले, डावीकडून दुसरा बाक, कडेला. ती माझी जागा आहे, तिथे दुसरं कुणी बसत नाही. लेक अगदी मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी टाचणी होती आणि टाचणीचा नवरा, नखांत पॉलिशचे डाग. मी एकदाच मागे वळून बघितलं. लेकीने मान हलवली.

वाचन झालं. पाळकसाहेब पुढे आले. “कुणाला साक्ष द्यायची आहे?”

देवाने काय केलं, आपलं काय चुकलं, ते उभं राहून सांगायची ही वेळ, आणि बावीस वर्षं पहिली मी उठते. सगळ्यांना ती सवय आहे. आजूबाजूच्या माना थोड्या माझ्याकडे वळल्या. पुढच्या बाकाची पाठ मी दोन्ही हातांनी धरली. वाक्यं तोंडात तयार होती, फक्त उठायचं होतं. आणि समोरच्या बाकांवर माझ्या बायका बसल्या होत्या, माझ्या तेरा जणी, एकेकीला मी प्रार्थना करायला शिकवलेलं. माझ्या मनात आलं की मी उठले, की या सकाळी दारात टाचणीकडे जशा बघत होत्या तशा माझ्याकडे बघतील. मग गुरुवारी माझ्यासमोर कोण बसेल? नुसतं एवढं मनात आलं. लेकीचं तोंड नाही आलं मनात. मी तेव्हा तिचा विचारच केला नाही, हे मी कुठे बोलू?

पाळकसाहेब थांबले. चांगले थांबले, नेहमीपेक्षा जास्त. ते सरळ माझ्याकडेच बघत होते. मला वाटतं त्यांना माहीत होतं.

“नाही कुणी? मग आपण गीतासाठी उभे राहू या.”

सगळे उभे राहिले, तेव्हा मीही उभी राहिले. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळले नाही, गीत म्हणत राहिले. चारही कडवी मला पाठ आहेत.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर बायकांनी मला घेरलं. खजिनदारांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. “केवढं सोसलंत, बाई! ती टाचणी ढळढळीत मागच्या बाकावर बसलेली, आणि तुम्ही एका शब्दाने तिला बोलला नाहीत. सहन कसं करावं ते तुमच्याकडून शिकावं.” बाकीच्यांनी मान डोलावली. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सगळी प्रभूची कृपा,” मी म्हटलं.

सोमवारी सकाळच्या गाडीने लेक गेली. दोन पिशव्या आणि पोरांनी काढलेल्या चित्रांची गुंडाळी. तिला पोचवायला टाचणी गेली होती, मला लेकीने येऊ नको म्हटलं. दारात तिने मला एवढंच सांगितलं, “माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस, आई. माझं नावच घेऊ नकोस.” आवाजात राग नव्हता, राग असता तर मला धरायला काहीतरी राहिलं असतं. पोचल्याचा तिचा फोन आला नाही. अजून आलेला नाही.

त्या गुरुवारी मी सभेला जाणार नव्हते. बायका घरी न्यायला आल्या. म्हणाल्या, बाई, आज तुम्ही सहनशीलतेवर बोला, आम्हाला शिकायचंय. सभागृह भरलं होतं, मागे उभ्या होत्या काही जणी.

मी पाऊण तास बोलले. कुणी जागचं हललं नाही.